बेडूक पुन्हा जोडताना

संगणकाच्या पडद्यावर आभासी विच्छेदनासाठी बेडूक उताणा आहे. चारही पाय टाचण्यांनी ताणलेले, प्रयोगशाळेतल्या विच्छेदनाच्या ट्रेमध्ये असतात तसेच. मेलेले प्राणी टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा वास तेवढा नाही.

पोटावर चीर ओढली. त्वचा बाजूला झाली, खाली स्नायू दिसले. आता सांभाळून! या स्नायूंच्या आतून, बरोब्बर मध्यावरून, एक मोठी शीर जाते. ताज्या बेडकात ती कापली गेली की सगळं रक्ताने भरतं, म्हणून कात्री जरा बाजूने चालवायची. इथे मात्र मुद्दाम मध्यावर कापून बघा. काय होतं ते कळेल, आणि एक बटण दाबून मागेही येता येईल.

आभासी विच्छेदनाची खरी कमाई हीच. ट्रेमधलं काम एकाच दिशेने जातं. यकृत उचललं की हिरवट पित्ताशय दिसतं, पण उचकटलेलं यकृत पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही. पडद्यावर सगळे अवयव काढून झाले, की उलट्या क्रमाने परत ठेवायला सांगावं. नुसती आकृती पाठ केलेला विद्यार्थी लगेच अडखळतो.

आता हृदय. दोन अलिंदं (रक्त घेणारे कप्पे), एक निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा). फुप्फुसांकडून आलेलं रक्त लाल दाखवलंय, शरीराकडून आलेलं निळं. दोन्ही एकाच निलयात उतरतात, तरी पुरती मिसळत नाहीत. निलयाची भिंत आतून स्पंजासारखी आहे, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर एक सर्पिल झडप आहे. ठोका हळू करा, थांबवा, पुन्हा सोडा. फॉर्मॅलिनमधल्या हृदयात हे कुठून दिसणार?

एक तक्रार मात्र आहे. हा बेडूक फारच नीटनेटका आहे. फॉर्मॅलिनमधल्या बेडकाच्या पोटात लाल-निळं काही नसतं, सगळं करडं-तपकिरी. मादी असेल तर काळ्या-पांढऱ्या अंड्यांच्या गर्दीत आतडं शोधावं लागतं. पिवळी मेदपिंडं, म्हणजे चरबीचे साठे, ऋतूप्रमाणे फुगतात, आटतात. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना चकचकीत ग्राफिक्सला भुलू नये. नर-मादी दोन्ही आहेत का, नावांच्या पाट्या लपवता येतात का, हे आधी पाहावं.

आतडं धरून ठेवणारा तो पारदर्शक पडदा चिमट्याला किती ओढ देतो, हे माउसला कळत नाही. पुढे पशुवैद्य होणाऱ्याला ते हातानेच शिकावं लागेल, आणि त्यासाठी नैसर्गिकरीत्या मेलेले प्राणीही चालतात. शाळेच्या वर्गात कुठला अवयव कुठे आहे आणि कसा चालतो हे समजून घ्यायचं असतं. तेवढ्यासाठी बेडूक मारायची गरज उरलेली नाही.