पालथं पात्र

मंडळी, बौद्ध धम्म आणि राजकारण म्हटलं की आपण अशोकापासून सुरू करतो आणि दीक्षाभूमीवर येऊन थांबतो. मी आज वैशालीच्या वड्ढ लिच्छवीपासून सुरू करतो. लिच्छवी म्हणजे तिथल्या गणराज्याचं सत्ताधारी कूळ. या वड्ढाने दोन भिक्षूंच्या नादी लागून दब्ब मल्लपुत्त या भिक्षूवर आळ घेतला, की याने माझी बायको नासवली. आळ धादांत खोटा निघाला.

आता भिक्षूंचा संघ करणार काय? शिपाई नाहीत, तुरुंग नाही. चुल्लवग्ग या भिक्षूंच्या नियमांच्या पाली ग्रंथात सांगितलंय, संघापुढे रीतसर ठराव आला, कुणाची हरकत आहे का विचारलं, सगळे गप्प राहिले. म्हणजे मंजूर. वड्ढापुरतं भिक्षापात्र पालथं! त्याच्या घरचा घास कुणी घ्यायचा नाही. आनंदाने हा निरोप दिला तेव्हा वड्ढ जागीच बेशुद्ध पडला. मग ओल्या कपड्यांनिशी, ओल्या केसांनी बुद्धाकडे गेला, चूक कबूल केली, तेव्हा कुठे पात्र सुलटं झालं.

वाळीत टाकणं आपल्याला नवं नाही. महाडनंतर आपल्या माणसांवर बहिष्कार घातला तो गावात ज्यांच्या हाती सगळं होतं त्यांनी. इथे मागून खाणाराच देणाऱ्याला वाळीत टाकतो. दान घेतलंच नाही तर पुण्य कुठलं, आणि पुण्य नसलेल्या राज्यकर्त्याला मान कोण देणार?

संघाच्या या कामकाजाच्या नियमांचा दाखला बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत दिला होता. बुद्धाने ते त्या काळच्या राजकीय सभांकडूनच घेतले असावेत, असंही ते म्हणाले. तेव्हा धम्माला राजकारणाचा विटाळ नको म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता ब्रह्मदेश. ऑगस्ट २००७मध्ये लष्करी सरकारने इंधनाचे भाव एकदम वाढवले. ५ सप्टेंबरला पकोक्कूत निदर्शनं करणाऱ्या भिक्षूंना मारहाण झाली. भिक्षूंनी सांगितलं, १७ तारखेपर्यंत माफी मागा. कुणी मागितली नाही. १८पासून लष्करवाल्यांपुढे पात्रं पालथी झाली आणि मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीचं सूत्र, म्हणत हजारो भिक्षू रस्त्यावर उतरले. विहारांना दान देतानाचे फोटो सरकारी पेपरात रोज छापून आणणाऱ्या जनरलांना हे झोंबलं. २६पासून लाठ्या, गोळ्या, मग रात्री विहारांवर धाडी. सरकार पडलं नाही, हे खरं.

त्याच देशात पुढे विराथूसारखे भिक्षू मुसलमानांविरुद्ध गरळ ओकत फिरले. त्यांच्या 'मा बा था' संघटनेने रेटलेले धर्मांतर आणि आंतरधर्मीय विवाहांवर बंधनं घालणारे कायदे २०१५मध्ये झाले, आणि २०१७मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. तेव्हा कुठे गेली ती पालथी पात्रं? हा विषय काढला की आपल्यातलं कुणीतरी म्हणतं, ते खरे बौद्धच नव्हेत. ही पळवाट आहे. श्रीलंकेत १९५९ साली पंतप्रधान बंडारनायकेंवर गोळ्या झाडणाराही चीवरधारी भिक्षूच होता, आणि बंडारनायके सत्तेवर आले होते ते भिक्षूंच्याच पाठबळावर. संघ सत्तेला नाही म्हणतो तेव्हा त्याच्याकडे काहीतरी असतं. सत्तेशी सोयरीक केली की तो आणखी एक दबावगट होतो, एवढंच.

आपल्याकडेही निवडणूक आली की विहाराला सभामंडप, मूर्ती, पेव्हर ब्लॉक द्यायला उमेदवार हजर. ज्याने वस्तीवर अन्याय केला त्याचं दान नको, असा ठराव तुमच्यापैकी कुणाच्या विहार समितीने केलाय का? केला असेल तर प्रश्नोत्तरांत आधी त्यांनी बोलावं.