किंतोची नजर: क्युबाच्या रुंब्यातली आफ्रिका

या दोन दांड्या पाहा. जेमतेम वीतभर लांबीच्या, टणक लाकडाच्या, आपल्या टिपऱ्यांहून आखूड आणि जाड. वाजवणारा डाव्या हाताची बोटे वाकवून तळव्यात पोकळी ठेवतो, त्या पोकळीवर एक दांडी अलगद टेकवतो आणि उजव्या हातातल्या दांडीने तिच्यावर ठोका देतो. दांडी घट्ट आवळून धरली तर नाद मरतो, सैल राहिली तर तो लांबवर पोहोचतो. या वाद्याला आणि त्यावर वाजणाऱ्या ठेक्यालाही क्युबात ‘क्लावे’ म्हणतात. सोळा सूक्ष्म मात्रांच्या आवर्तनात पहिल्या, चौथ्या, आठव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर ठोका पडतो. हे पाच ठोके म्हणजे रुंबा या गाणे, ढोल आणि नाच एकत्र असलेल्या क्युबाच्या लोककलेचा कणा. गाणारा, वाजवणारा आणि नाचणारा, तिघेही त्यांना धरून चालतात. अशाच पाच ठोक्यांच्या आकृती पश्चिम आफ्रिकेत लोखंडी घंटेवर वाजतात.

आपण क्युबाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या माटान्सास या बंदराच्या शहरात आहोत. एकोणिसाव्या शतकात हा परिसर उसाच्या मळ्यांनी आणि साखरेच्या गिरण्यांनी व्यापलेला होता आणि ती साखर गुलामांच्या श्रमातून निघत होती. गुलामांच्या व्यापाराच्या संपूर्ण काळात सुमारे साडेसात ते आठ लाख आफ्रिकी माणसे क्युबात आणली गेली. त्यांत आजच्या नायजेरियाच्या बाजूचे योरुबा होते, ज्यांना क्युबात लुकुमी म्हणत, कालाबार परिसरातले लोक होते आणि काँगो खोऱ्यातले बांतूभाषकही होते. गुलामगिरी कायद्याने संपली ती 1886 मध्ये. शहरांत या लोकांची ‘काबिल्दो’ नावाची परस्पर साहाय्य मंडळे होती आणि या मंडळांच्या आडोशाने भाषा, देवता आणि ढोल टिकून राहिले.

रुंबा मात्र आफ्रिकेतून जसाच्या तसा आलेला नाही, तो क्युबातच जन्मला. गोदीतल्या हमालांनी, गिरणीतल्या मजुरांनी आणि चाळीसारख्या दाटीच्या वस्त्यांतल्या बायामाणसांनी तो घडवला. त्यातले काव्य स्पॅनिश आहे आणि ढोलांची रचना, झील आणि देहाची भाषा आफ्रिकी आहे. चामड्याचे ढोल हाताशी नसत, कधी त्यांना मनाईही असे. अशा वेळी खारवलेल्या माशांच्या आणि मेणबत्त्यांच्या रिकाम्या खोक्यांवर ताल धरला जाई. त्या खोक्याला ‘काहोन’ म्हणतात आणि संथ चालीच्या ‘याम्बू’ या प्रकारात तो आजही वाजतो.

आता ‘ग्वाग्वांको’ हा जोडीने नाचायचा रुंब्याचा प्रकार पाहू. मुख्य गायक आधी बिनशब्दांची एक तान घेतो आणि सूर पक्का करतो. मग कथन सुरू होते, आणि ते भरात आले की कोरस उचल घेतो. आपल्याकडे पोवाड्यात झीलकरी जे करतात, तेच काम हा कोरस करतो. झील सुरू झाली की जोडपे रिंगणात उतरते. पुरुष रुमालाने, हाताने, पायाने किंवा कमरेच्या झटक्याने स्त्रीला ‘टिपण्याचा’ प्रयत्न करतो. या हालचालीला ‘वाकुनाओ’ म्हणतात. स्त्री लयीत राहूनच घागरा आवळते किंवा हाताने स्वतःला झाकून घेते आणि हसत निसटते. मळ्यांवरच्या काँगोवंशीयांच्या ‘युका’ या नृत्यातही हाच खेळ होता.

पण नजर नर्तकांवरून काढा आणि सर्वांत उंच स्वराच्या ढोलाकडे न्या. हा ‘किंतो’. खालच्या स्वरांचे दोन ढोल ठरलेला ठेका सांभाळतात, किंतो मात्र मोकळा असतो. त्याच्या वादकाचे डोळे आपल्या हातांवर नसतात, नर्तकाच्या खांद्यांवर आणि पावलांवर असतात. वाकुनाओचा झटका येतो त्याच क्षणी किंतोवर कडकडीत ठोका बसतो. ‘कोलुम्बिया’ या एकट्याने नाचायच्या वेगवान प्रकारात तर हा उघड सवाल-जवाब होतो: नर्तक पावलाने प्रश्न टाकतो, ढोल उत्तर देतो आणि लगेच पुढचा पेच घालतो. आफ्रिकेचा वारसा मला सर्वांत ठळक दिसतो तो इथे. म्हणूनच बॉलरूम स्पर्धांमध्ये ‘रुंबा’ या नावाने जे नृत्य होते, ते पाहताना रुखरुख लागते. ते नृत्य बोलेरो आणि सोन या वेगळ्या प्रकारांतून घडले. त्याला स्वतःचे सौंदर्य आहे, पण ध्वनिमुद्रित संगीतावर नाचणाऱ्या त्या जोडप्याकडे पाहणारा ढोलकरी तिथे कोणीच नसतो.

आफ्रिकी वारशाचे ढोल रंगमंचावर आले ते सहजासहजी नव्हे. लुकुमी परंपरेतल्या ‘बाता’ या दुतोंडी ढोलांचे त्रिकूट पखवाजासारखे आडवे मांडीवर घेऊन वाजवतात. त्यातल्या सर्वांत मोठ्या ढोलाचे नाव ‘इया’, म्हणजे आई. विधीतले बाता अभिमंत्रित असतात आणि ते तमाशासाठी बाहेर काढत नाहीत. 1930च्या दशकात अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी हवानात जाहीर व्याख्यानासोबत बातावादन घडवून आणले, त्यासाठी संस्कार न केलेले ढोल वापरले गेले. ती सोय आजही रंगमंचावर पाळली जाते. 29 सप्टेंबर 1947 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हवानाच्या गरीब वस्तीत वाढलेला चानो पोसो डिझी गिलेस्पीच्या जॅझ वाद्यवृंदासोबत ‘काँगा’ हा उंच ढोल वाजवायला उभा राहिला आणि अबाक्वा या बंधुमंडळाचे घोष त्या सभागृहात घुमले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागात त्याचा खून झाला. तेव्हा तो 33 वर्षांचा होता.

बांतू भाषांत ढोलाला ‘न्गोमा’ म्हणतात. क्युबातल्या काँगो परंपरेत हा शब्द राहिला, आणि आफ्रिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून हिंद महासागर ओलांडून आलेल्या गुजरातच्या सिद्दींच्या नृत्यात तो ‘गोमा’ झाला. जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ही सोयरीक परकी वाटू नये.

माटान्सासचा ‘लॉस मुन्येकितोस’ हा गट 1952 मध्ये उभा राहिला आणि आज त्यात त्याच घरांतल्या पुढच्या पिढ्या नाचतात, वाजवतात. 2016 मध्ये युनेस्कोने क्युबाच्या रुंब्याची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. रंगमंचावर रिंगण पुरते मिटत नाही, प्रेक्षकांसाठी एक बाजू उघडी ठेवावी लागते आणि ढोल मागे सरकतात. तरीही कोलुम्बियाचा नर्तक आला की आधी त्या उघड्या बाजूकडे पाठ फिरवतो, ढोलांसमोर जाऊन वाकतो, त्यांना अभिवादन करतो आणि मगच पहिले पाऊल टाकतो.