६० जीबीचा सिनेमा आणि खानापूरची वायर

(दृश्य: बेळगाव, खडेबाजार. दुकानाच्या काचेआड चालू असलेले मोठे टीव्ही.)

फोर के टीव्ही आता हप्त्यावर मिळतो. बेळगावातून तो टेम्पोत घालून खानापूरला जातो, जांबोटीला जातो, पार चंदगडकडेही जातो. टीव्ही घरी पोचतो. त्यावर बघायचा सिनेमा घरी कसा पोचणार, हा खरा प्रश्न आहे.

फोर के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, फुल एचडीच्या चौपट. ऑनलाइन बघितला तर असा सिनेमा तासाला साधारण ७ जीबी खातो. डिस्कवर मिळतो त्या दर्जाचा, फाइल लहान करायला फारसा न दाबलेला हवा असेल, तर एकच सिनेमा सहज ५०-६० जीबीच्या घरात जातो.

६० जीबी धरू. जाहिरातीतला १०० एमबीपीएसचा आकडा बिटांचा असतो आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. सिनेमा उतरायला ८० मिनिटं. ३० एमबीपीएसच्या लाईनवर जवळजवळ साडेचार तास. तेही लाईन मध्ये तुटली नाही तर.

(दृश्य: खानापूर तालुका. पाऊस. विजेच्या खांबांवरून गेलेली काळी वायर.)

कणकुंबीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. फांदी पडते, वायर तुटते, राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग केबलवाल्याचा पोरगा येतो. गाडीच्या सीटवर छोटं यंत्र मांडतो, डोक्यावर कुणीतरी छत्री धरतं. वायर सोलून आतली काच, म्हणजेच फायबर, तो स्पिरिटनं पुसतो. केसाएवढी काच. कापलेली दोन टोकं यंत्रात समोरासमोर येतात, ठिणगी पडते, काच वितळून एक होते. वरून नळी चढवून गरम केली की झालं. हे काम करणाऱ्या पोरांचं मला फार कौतुक वाटतं. सगळ्या वाडीचं इंटरनेट त्यांच्या बोटांवर चालतं.

शिवाय ही काच एकट्याची नसते. बऱ्याच ठिकाणी एका धाग्यातले अडीच जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात. रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांनी एकदम ओढलं, तर ६४ घरांत प्रत्येकाच्या वाट्याला ४० एमबीपीएससुद्धा येत नाहीत.

आता मर्यादा. फायबरच्या अनेक ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची हद्द असते. त्यात आपले ५५ सिनेमे बसतात, म्हणजे शहरातल्या घराला ती आडवी येत नाही.

(दृश्य: खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेला मोबाइल. हॉटस्पॉट चालू.)

जिथं वायरच आलेली नाही, तिथं हा मोबाइलच घरचं इंटरनेट. दिवसाला दीड किंवा दोन जीबी. पोरांचा अभ्यास, ऊसबिलाचा मेसेज, पुण्याला गेलेल्या लेकाचा व्हिडिओ कॉल, सगळं त्यातच. दोन जीबी रोज म्हटलं तर एका सिनेमाला ३० दिवस लागतील, आणि तेवढे दिवस घरात दुसऱ्या कुणी फोन वापरायचा नाही. हद्द ओलांडली की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं ६० जीबीला जवळजवळ ८७ दिवस लागतात.

५जीचा टॉवर जवळ असेल तर काही प्लॅनमध्ये ही हद्द नाही. पण टॉवर जवळ असायला हवा. ज्याच्याकडे वायर नाही त्यालाच सगळ्यात कडक मर्यादा, ही गोष्ट मला पटत नाही. टीव्हीचा हप्ता दोघांनाही सारखाच बसतो.

घरगुती ब्रॉडबँडबाबत २०१६ साली ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकानं, कंपन्यांना बजावलं, की हद्द किती, तोवरचा वेग किती आणि नंतरचा किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. तेव्हा कनेक्शन घेताना हे तिन्ही आकडे कागदावर मागून घ्या. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण पैसे भरण्याआधी विचारा.