प्यादं एक घर की दोन

लातूरचं एक मंगल कार्यालय. काल रात्री हितं लग्न होतं, स्टेजवरची फुलं अजून तशीच लोंबायलीत, आणि त्याच पंगतीच्या टेबलांवर आता बुद्धिबळाचे पट मांडलेत. सकाळी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहा झाला, चार राऊंड उरकले, आता पाचवा चाललाय. रॅपिड आहे, म्हणजे कमी वेळाचे डाव, चाली लिहायची सक्ती नाही, म्हणून आर्बिटरना (पंचांना) विचारून आम्ही दोन टेबलांवर वरून मोबाईल लावून ठेवला. बरं झालं लावला, नाहीतर पुढचं कुणाला पटलंच नसतं.

पहिलं टेबल. पांढरी घेऊन रेणापूरची सहावीतली पोरगी, समोर कॉलेजचा पोरगा, कानात इअरफोनची वायर लटकलेली (आर्बिटरनं काढायला लावली). ई ४, ई ५ (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी, नुसतं घर सांगितलं की प्याद्याची चाल). घोडा एफ ३, डी ६. पोरीनं उंट सी ४ वर आणला, त्यानं उंट जी ४ वर नेऊन तिचा घोडा बांधला, घोडा हलला की मागचा वजीर जातो असा हिशोब. पोरीनं दुसरा घोडा सी ३ वर काढला आणि हा गडी निवांत जी ६ खेळला. इथं थांबा. डाव सुरू होऊन चार चाली झाल्यात आणि ह्या एका चालीत काळ्याचं काहीच बाहेर निघालं नाही.

आता पोरीचा हात बघा. बांधलेला घोडा उचलला आणि ई ५ चं प्यादं मारलं. वजीर उघडा! पोरग्यानं माझ्याकडं बघून हसून वजीर उचलला, एक सेकंद पण लावला नाही. मग उंट एफ ७ वर, शह. राजाला एकच जागा, ई ७. आणि दुसरा घोडा डी ५ वर. मात. सातवी चाल. त्याचं बोट अजून मारलेल्या वजीरावरच होतं, आणि राजाला जायला घर नव्हतं, कारण त्याचीच प्यादी आणि मोहरी रस्त्यात उभी होती. ही लेगालची मात, अठराव्या शतकात पॅरिसच्या कॅफेत खेळणाऱ्या लेगालच्या नावानं ओळखतात. बरं, वजीर न घेता त्यानं प्याद्यानं ई ५ चा घोडा मारला असता तर? पोरगी वजीरानं त्याचा जी ४ चा उंट मारते आणि एक प्यादं वर राहते, पण डाव चालू राहतो. शेवटी सगळा खेळ हावरेपणावर लावला होता पोरीनं.

दुसरं टेबल मात्र मला जास्त आवडलं. काळी घेऊन परभणीकडचे रिटायर्ड गुरुजी, समोर क्लासला जाणारा पोरगा, दोघांकडं एकेक मिनिट. पटावर फक्त पोरग्याचा राजा डी ४ वर, त्याचं प्यादं ई २ वर, आणि गुरुजींचा राजा डी ६ वर. चाल पोरग्याची. प्यादं एक घर सरकवलं, ई ३, की चाल गुरुजींवर येते, त्यांना राजा हलवावाच लागतो, आणि पांढरा राजा पुढं घुसतो. जिंकलेला डाव. पण घड्याळ पळायलंय, पोरग्यानं सरळ ई ४ केलं. दोन घरं. गुरुजींनी राजा ई ६ वर आणला आणि तिथंच डाव निसटला. पुढं ई ५, राजा ई ७, राजा डी ५, राजा डी ७, ई ६ शह, राजा ई ७, राजा ई ५, आणि आता गुरुजी सरळ मागं, ई ८ वर. बाजूला गेले असते तर मेले असते. शेवटी काळ्या राजाला शह नाही आणि हलायला जागा पण नाही, स्टेलमेट, अर्धा अर्धा पॉईंट.

असल्या एका चालीवर जगज्जेतेपद पण गेलंय. डिसेंबर २०२४, सिंगापूर, चौदावा डाव, तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेननं ५५व्या चालीला हत्ती एफ २ वर आणला, गुकेशनं हत्ती मारामारीत काढले, मग उंट, आणि उरलेलं प्याद्यांचं एंडिंग जिंकलेलंच होतं.

डाव संपल्यावर गुरुजी पोरग्याला म्हणाले, "बाळा, आमच्या गावात पारावर देशी बुद्धिबळ खेळायचे. त्यात प्यादं पहिल्यांदा बी एकच घर जातंय, कॅसलिंग म्हंजे राजा-हत्तीची एकत्र चाल न्हाई, राजाला एकदाच घोड्याची उडी. तू देशी खेळला असतास तर मी हरलो असतो."

पोरग्याला हसावं की रडावं कळंना.

तेवढ्यात भिंतीवर सहाव्या राऊंडची पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ती यादी, चिकटवली. दोघांचेही साडेतीन पॉईंट, म्हणून गुरुजी आणि ती रेणापूरची एकाच टेबलावर. मघाचा वजीराचा डाव गुरुजींनी आमच्याच मोबाईलवर बघितलावता. चष्मा पुसत म्हणाले, "एवढं ध्यानात ठिवतो. पोरगी वजीर फुकट द्यायली तर घ्यायचा न्हाई."