उष्टी हवा

(गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका पालक-शिक्षक सभेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पालकहो आणि शिक्षकमित्रांनो, मिरग लागला की आपल्या वर्गांच्या खिडक्या लागतात, त्या गणेशचवथीपर्यंत धड उघडत नाहीत. झड आत येते, वह्या भिजतात, म्हणून मीही वर्षानुवर्षं त्या लावूनच शिकवलं. शेवटच्या तासाला मुलं पेंगायची. एका मुलाला त्यासाठी मी व्हरांड्यात उभं केलं, आणि पाच मिनिटांत तो टवटवीत झाला. मला वाटलं, शिक्षा लागू पडली. त्याला हवा मिळाली होती, हे कळायला मला फार उशीर झाला. ती चूक अजून सलते.

हिशेब करून बघा. आठ मीटर लांब, पाच रुंद आणि तीन उंच वर्ग म्हणजे 120 घनमीटर हवा. बसलेलं मूल तासाला साधारण 12 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, 30 मुलांचे झाले 360 लिटर. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत 420 भागांच्या आसपास असतो. वर्ग घट्ट बंद असेल तर बाराएक मिनिटांत तो 1000 ओलांडतो आणि तासाभरात 3400 च्या घरात जातो. दारा-खिडक्यांच्या फटी असतात म्हणून प्रत्यक्षात थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच. खोलीतल्या हवेसाठी 1000 ची मर्यादा म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 सालीच सुचवली होती.

या आकड्यावरून हवा किती उष्टी झाली ते कळतं. तो 2300 वर गेला की मुलाच्या दर वीस श्वासांतला साधारण एक दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून आलेला असतो. उष्टं पाणी आपण मुलाला पाजत नाही. गोवर आणि फ्लू याच हवेतून पसरतात.

जुन्या कौलारू शाळेत गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जायची. स्लॅब आला, गळती थांबली, पण ती वाटही बुजली. सरकत्या काचेची खिडकी तर निम्मीच उघडते. पंखा तीच हवा फिरवतो आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी तीच हवा गार करतो. बाहेरची हवा दोघंही आणत नाहीत.

आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या खिडक्या खुशाल लावा, पण वरचे झरोके पुठ्ठे लावून बुजवू नका. पूर्वेच्या खिडक्या आणि व्हरांड्याचं दार उघडं राहू द्या, कारण हवेला शिरायला आणि निघायला दोन वेगळ्या वाटा लागतात. ओल्या छत्र्या, रेनकोट बाहेर टांगा. त्यांच्या ओलीनेही कपाटामागे बुरशी धरते. खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्यालगतच्या शाळांचं दुखणं वेगळं आहे. तिथे उन्हाळ्यात रस्त्याकडची बाजू बंद ठेवून मागची उघडावी, आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावं.

शाळेसाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारा एक मीटर घ्याच. फक्त तो एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी थेट हाच वायू मोजणाऱ्या सेन्सरचा आहे ना, हे दुकानात विचारा. काही स्वस्त यंत्रं हा वायू मोजतच नाहीत, इतर वासांवरून अंदाज बांधतात. खिडकीपासून दूर, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर तो टांगा आणि आकडा वाचायचं काम मुलांकडे द्या. 1000 दिसला की उठून खिडकी उघडायला त्यांना बाईंची परवानगी लागू नये.