बाबांची मान आणि मागची सीट

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या वर्षी भाऊबीज आटोपून आम्ही साताऱ्याहून पुण्याला परत येत होतो. सुट्टी संपलेली, त्यामुळे खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गाड्यांची ही भली मोठी रांग. मी चालवत होते. शेजारी नवरा, मागे डावीकडे बाबा, उजवीकडे आई आणि दोघांच्या मधे फराळाचे डबे. आमची गाडी उभीच होती. तेवढ्यात मागून एक गाडी येऊन आदळली. फार जोरात नाही. बंपरला पोचा आला, एक दिवा फुटला. त्या गाडीतला मुलगा उतरून हात जोडायला लागला. आम्ही एकमेकांना विचारलं, कुणाला लागलं का? सगळे म्हणाले, नाही. बाबा तर म्हणाले, "जाऊ दे गं त्याला, पोर घाबरलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना चहाचा कप ओठाला लावता येईना. मान वळत नव्हती. खांद्यापासून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत सगळं आखडलेलं. एक्स-रे काढला, हाडं शाबूत होती. मानेचे स्नायू आणि मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले गेले होते. डॉक्टर म्हणाले, असं दुखणं बरेचदा अपघाताच्या वेळी जाणवतच नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वर येतं. बाबांना पूर्ण बरं वाटायला तीन महिने लागले.

आणि आईला? काही झालं नाही. तीच गाडी, तीच मागची सीट, तोच धक्का. आई पाच फुटांची आहे. हेडरेस्ट अगदी खाली असलं तरी तिचं डोकं त्यात मावतं. बाबा पावणेसहा फुटांच्या वर. त्यांच्या बाजूचं हेडरेस्ट खाली सरकून त्यांच्या मानेच्या मधोमध आलेलं होतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. ते हेडरेस्ट बिघडलंय हे आम्हाला दीड वर्षं माहीत होतं. बटण दाबून हेडरेस्ट वर ओढलं की खाचेत अडकल्याचा टक् असा आवाज येतो. त्याचा येत नसे. वर ओढलं तर राहायचं, पण डोकं टेकलं किंवा रस्त्यात दोन खड्डे लागले की हळूहळू खाली. सर्व्हिसिंगच्या वेळी मी दोनदा सांगितलं. "तो पार्ट सुटा येत नाही मॅडम, सीटच बदलावी लागेल," असं उत्तर मिळालं, आणि आम्ही तो विषय सोडून दिला. ब्रेक खराब असता तर सोडला असता का? वायपर चालत नसता तरी पावसाळ्याआधी दुरुस्त करून घेतला असता. हेडरेस्ट म्हणजे डोकं टेकायची उशी, झोप लागली तर उपयोगी, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

नावामुळेच ही गफलत होते असं मला वाटतं. रेस्ट म्हटलं की आराम. पण ते आरामासाठी बसवलेलंच नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 1969 पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना ते सक्तीचं झालं, ते मागून बसणाऱ्या धडकेत मान वाचावी म्हणून. पुढे 1997 साली साब कंपनीने असं हेडरेस्ट आणलं, की मागून धडक बसल्यावर प्रवाशाची पाठ सीटमध्ये दाबली जाते आणि त्याच दाबाने हेडरेस्ट आपोआप वर आणि पुढे येतं. एवढा विचार उशीसाठी कोण करेल?

मागून धक्का बसतो तेव्हा नेमकं काय होतं, ते सांगते. गाडी पुढे ढकलली जाते. गाडीबरोबर सीट आणि सीटबरोबर आपली पाठ पुढे जाते. डोक्याला मात्र कुणी ढकललेलं नसतं, ते जागच्या जागी राहतं. साडेचार-पाच किलोचं ते ओझं मानेच्या सात मणक्यांवर तोललेलं. खालचे मणके पाठीबरोबर पुढे निघालेले, वरचे अजून डोक्याबरोबर मागेच. क्षणभर मान इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते, आणि मग डोकं मागे फेकलं जातं. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास घडतं. सावरायला वेळच नसतो. डोक्यामागे लगेच, योग्य उंचीवर आधार असेल तर डोकंही पाठीबरोबरच पुढे जातं आणि मान वाकतच नाही. आधार खाली असेल तर डोकं त्याच्यावरून मागे जातं. बाबांचं तेच झालं.

तुम्ही हे गाडीत बसून ऐकत असाल, तर आत्ता नको, गाडी थांबल्यावर करून बघा. सीटला पाठ नीट टेकवून बसा. हेडरेस्टची वरची कड तुमच्या डोक्याच्या माथ्याच्या पातळीला यायला हवी. तेवढं वर जात नसेल तर निदान कानाच्या वरच्या टोकाच्या खाली ती नको. मग डोक्याचा मागचा भाग आणि हेडरेस्ट यांच्यात हात घाला. आडवी चार बोटं, त्याहून जास्त अंतर नको. सीट जितकी मागे रेलाल तितकं हे अंतर वाढतं, म्हणून पाठ जरा सरळच ठेवावी. लांबच्या प्रवासात सीट मागे टाकून झोपणाऱ्यांना हे सांगायला मला जड जातं, कारण ती झोप किती गोड असते ते मलाही ठाऊक आहे. पण सांगायलाच हवं.

आपल्याकडे गाडी घेताना टेस्ट ड्राइव्ह कोण घेतं? जो चालवणार तो. पुढे बसतो, स्टिअरिंग धरतो, स्क्रीनवर गाणी लावून बघतो. मागे दोन तास आई-वडील बसणार असतात, पण त्यांना शोरूममध्ये नेलं तरी ते सोफ्यावर बसून चहा घेतात. त्यांना मागे बसवून बघा हो. वीस मिनिटं फिरवून आणा. मांडीखाली सीट गुडघ्यापर्यंत पुरते का, की मांड्या अधांतरी राहतात? हेडरेस्ट वरखाली होतं का, की सीटमध्येच घडवलेलं, न हलणारं आहे? बऱ्याच गाड्यांच्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये ते न हलणारं असतं. मधल्या जागेवर हेडरेस्ट आहे का? ती जागा घरातल्या सगळ्यात बारीक माणसाला मिळते, आणि ते माणूस बहुतेक वेळा "मला चालेल" म्हणणारं असतं. सात सीटच्या गाडीत तिसऱ्या रांगेत मुलं जातात. तिथे गुडघे हनुवटीपाशी येतात हे दिसतं, पण डोक्यामागे लगेच डिकीचं दार असतं हे लक्षात येत नाही.

गाड्या मुद्दाम आदळवून त्यांना सुरक्षेचे स्टार देणारी भारत एनकॅप ही चाचणी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून लोक गाडीला किती स्टार मिळाले ते विचारायला लागले, हे फार चांगलं झालं. पण ते स्टार मुख्यतः समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेचे आहेत. तुमच्या वडिलांच्या डोक्यापर्यंत मागचं हेडरेस्ट पोचतं का, ते त्यात कळत नाही. ते तुम्हालाच बघावं लागेल.

आपण हौसेने ज्या गोष्टी लावतो, त्यांच्याबद्दलही बोलते. हेडरेस्टला अडकवायच्या त्या गुबगुबीत उशा असतात ना, हाडाच्या आकाराच्या? त्या मानेला पुढे ढकलतात आणि डोकं व हेडरेस्ट यांच्यातलं अंतर वाढवतात. मी आमच्या काढून टाकल्या. जाड सीटकव्हर शिवून घेताना गाडीच्या सीटच्या कडेत एअरबॅग आहे का ते बघा. तिथे कडेला तसं लिहिलेलं लेबल असतं. त्यावरून कव्हर ओढून शिवलं तर एअरबॅग उघडायला अडथळा होतो. आणि मागचं नीट दिसत नाही म्हणून मागची हेडरेस्ट काढून घरी माळ्यावर टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. ती आजच्या आज परत बसवा. तशीच एक सवय मागच्या सीटवरच्या पट्ट्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब प्रमाणे पट्टा न लावल्यास 1000 रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा. पट्टा नसेल तर धक्क्यात अंगच जागेवर राहत नाही, मग हेडरेस्ट कितीही नीट लावा.

बाबांच्या त्या हेडरेस्टचं शेवटी काय निघालं, ते सांगायचं राहिलं. मी नाना पेठेत एका सीटवाल्याकडे गेले. त्याने हेडरेस्ट उपसून काढलं, दांडे ज्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये शिरतात त्यातली एक बाहेर ओढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या तोंडाशी केसाच्या पिनेसारखी बारीक स्प्रिंग होती, मधोमध तुटलेली. त्याच मॉडेलची नवी नळी त्याने शेजारच्या दुकानातून आणून बसवली. पाऊण तास लागला, चारशे रुपयेसुद्धा झाले नाहीत. तीन महिने बाबा रात्री कूस बदलताना कण्हायचे, ते या एवढ्याशा तारेपायी.

आता बाबा गाडीत बसले की आधी दोन्ही हात मागे नेऊन हेडरेस्ट वर ओढतात. टक् ऐकू आलं की खाली दाबून बघतात आणि मगच पट्टा लावतात. परवा कोल्हापूरला निघालो तेव्हा आत्या आमच्याबरोबर होती. ती मधल्या जागेवर बसायला लागली, तर बाबा म्हणाले, "तिथे नको, तू या कडेला ये," आणि मधे पुन्हा डबे ठेवले. आईला पुढे पाठवलं, नवरा घरीच राहिला होता. आत्याच्या डोक्यामागे हात घालून त्यांनी चार बोटं मोजली, तेव्हा कुठे मला म्हणाले, "हं, काढ आता गाडी."

नमस्कार.