दोन बाटल्या

[दृश्य: पहाट. टेम्पोतून पोती उतरतात.]

पहाटेचे साडेपाच. कोल्हापुरातली एक भाजी मंडई. करवीर तालुक्यातल्या गावातून पहिल्या गाडीनं आलेल्या मावशी मेथीच्या पेंड्या मांडतात, वरून पाण्याचा हबका मारतात. मांडीशेजारी पाण्याची बाटली. दुपारी एकला आम्ही परत आलो, तरी ती गळ्यापर्यंत भरलेलीच.

"पाणी प्यालं की जावं लागतंय. आणि जायाचं कुठं? भाजी कोण बघणार?"

मागच्या आठवड्यात मात्र त्यांना घरी सारखं उठावं लागत होतं. थेंबभर लघवी, शेवटाला कळ आणि आग. घरच्यांनी निदान करूनही टाकलं: उन्हाळी लागली. सासूबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी दिलं, शेजारणीनं सब्जा सांगितला, मुलानं रविवारच्या तांबड्या रश्श्यावर खापर फोडलं.

रश्श्याला आपण जरा लवकरच गुन्हेगार ठरवतो. तिखटानं काहींच्या मूत्राशयाला चुरचुरतं, पण तिखटातून जंतुसंसर्ग होत नाही. 'उन्हाळी' हा शब्दही अगदी खोटा नाही. घाम जास्त, पाणी कमी, की लघवी गडद होते आणि जळजळते. नीट पाणी पोटात गेलं की ही आग बहुधा दिवसभरात निवते. निवली नाही, तर घरगुती निदान बाजूला ठेवायचं.

[दृश्य: कागदावर काढलेली साधी आकृती.]

अशा न निवणाऱ्या आगीमागे बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचा जंतू असतो. आपल्याच आतड्यात तो निमूट राहतो. मूत्रमार्गात शिरला की त्रास. बाईचा मूत्रमार्ग साधारण 4 सेंटिमीटर, पुरुषाचा 20 च्या आसपास. अंतरच इतकं कमी, म्हणून बायकांना हा त्रास जास्त. लघवीची धार आत शिरलेले जंतू धुऊन काढते. तासन् तास पाणी न पिता, लघवी दाबून बसलं, की ही धुलाईच थांबते. पाळी गेल्यावर तिथलं अस्तर नाजूक होतं, साखर असेल तर धोका आणखी वाढतो. तेव्हा 'स्वच्छता ठेवत नसशील' हा टोमणा घरात कुणी मारू नये.

पुरुषांना जळजळ झाली तर ती अंगावर काढायचीच नाही. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, कुणाला मुतखडा, तर कुणाला लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग. रंकाळ्यावर फिरताना मित्राला विचारून हे उलगडत नाही.

[दृश्य: लॅबचा काउंटर.]

ही दुसरी बाटली. पांढऱ्या झाकणाची, मुठीत मावणारी. मावशींनी ती घेतली आणि लगेच पदराखाली नेली. काउंटरवरची मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, आधी जागा पाण्यानं धुवा. पहिली धार सोडून द्यायची, मधली धरायची. आणि लगेच आणून द्या." पहिल्या धारेत बाहेरच्या त्वचेवरचे जंतू येतात आणि रिपोर्ट फसतो. साधी तपासणी त्याच दिवशी होते. कल्चरला दोनेक दिवस लागतात, पण नेमका जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, ते त्यात कळतं.

खरा घोळ मेडिकलच्या पायरीवर होतो. "मागच्या वेळच्या त्याच दोन गोळ्या द्या." आग थांबते, जंतू पुरते मरत नाहीत, आणि पुढच्या खेपेला तीच गोळी चालेनाशी होते. आग शमवणारं गोडसर सिरपही जंतू मारत नाही. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले, तर पाच दिवस.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त: यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. गरोदर बाईनं तर नुसत्या जळजळीवरही थांबू नये. लहान मूल लघवी करताना रडत असेल, तर त्यालाही दाखवून आणा.

[दृश्य: मंडई, दुपार.]

मावशींचा कोर्स संपला. मंडईतलं स्वच्छतागृह अजूनही लांबच आहे, तिथल्या दाराला कडी नाही. या तक्रारीला गोळी नाही. पण बाराच्या सुमाराला त्या उठतात, शेजारणीला तागडी सोपवतात.

"बघ गं जरा, आलेच."

बाटली निम्मी झालेली आहे.